दूरचित्रवाणीचा पडदा आणि घरची खोली

२६ जानेवारी १९२६ रोजी लंडनच्या सोहो भागातील फ्रिथ स्ट्रीटवर, एका घराच्या वरच्या मजल्यावरील लहानशा प्रयोगशाळेत जॉन लोगी बेअर्ड ह्या स्कॉटिश संशोधकाने दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक करून दाखविले. ते पाहण्यासाठी रॉयल इन्स्टिट्यूशनचे सुमारे चाळीस सभासद आले होते. विज्ञानाच्या इतिहासात ह्या प्रसंगाला मानाचे स्थान मिळाले आहे. त्यातील एक बारीकसा तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. खोली इतकी अपुरी होती की पाहुण्यांना सहा-सहांच्या तुकड्यांनी आत सोडावे लागले. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत बाहेर तिष्ठत राहिले. आत जे दिसले ते तळहाताहूनही लहान, अवघ्या तीस रेषांचे, थरथरणारे चित्र होते. चित्र केवढे, खोली केवढी आणि एका वेळी किती माणसांना ते दिसणार, हा प्रश्न दूरचित्रवाणीच्या जन्माबरोबरच जन्माला आला, असे म्हणावयास हरकत नाही.

आज हाच प्रश्न दुकानात उभा राहतो. गिऱ्हाईक विचारतो, ४३ इंची घ्यावा की ५५ इंची? दुकानदार विचारतो, भिंत केवढी आहे? आणि बहुधा खिशाच्या अंदाजाने निर्णय होऊन जातो. परंतु ह्या प्रश्नामागे जवळजवळ शंभर वर्षांचा अनुभव साठलेला आहे. त्यात शास्त्रज्ञांचे प्रयोग आहेत, कारखानदारांच्या अडचणी आहेत, सरकारी योजनांचे हिशेब आहेत, आणि चाळीतल्या एका खोलीत दाटीवाटीने बसलेल्या शेजाऱ्यांची आठवणही आहे. तो इतिहास पाहिला म्हणजे पडद्याचे माप कशावरून ठरते व कशावरून ठरावे, ह्या दोन गोष्टींतील अंतर ध्यानात येते.

आरंभ डोळ्यापासून करणे इष्ट होय. हर्मन स्नेलेन ह्या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये डोळे तपासण्याचा अक्षरतक्ता तयार केला. तो आजही नेत्रवैद्यांच्या भिंतीवर टांगलेला दिसतो. निकोप दृष्टीच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे आपल्या जुन्या ज्योतिषाच्या परिभाषेत एका कलेएवढा, तपशील वेगळा ओळखता येतो, हे ह्या तक्त्याचे गृहीतक आहे. दूरचित्रवाणीचे चित्र आडव्या रेषांनी विणलेले असते. प्रेक्षक फार जवळ बसला तर त्याला चित्राऐवजी रेषाच दिसू लागतात. फार दूर बसला तर रेषांनी आणलेला तपशील त्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. ह्या दोहोंच्या मध्ये असे एक अंतर असते की जेथे प्रत्येक रेषा डोळ्याशी बरोबर एक कलेचा कोन करते. भारताने स्वीकारलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत प्रत्यक्ष चित्राच्या सुमारे ५७६ रेषा असतात. त्रिकोणमितीचा साधा हिशेब केला तर हे अंतर चित्राच्या उंचीच्या सहापट येते. १०८० रेषांच्या आधुनिक चित्रासाठी ते उंचीच्या सव्वातीनपटींहून थोडे कमी, आणि २१६० रेषांच्या चित्रासाठी उंचीच्या दीडपटीहून किंचित अधिक भरते. पुढील सर्व इतिहास ह्या तीन आकड्यांभोवती फिरतो.

बेअर्डच्या तीस रेषांना मोठा पडदा देणे निरर्थकच झाले असते. म्हणून १९३० च्या सुमारास त्याने विक्रीस काढलेल्या यंत्रात चित्र भिंगातून पाहावे लागे, आणि त्याच्यापुढे फार तर एक-दोन माणसांना डोके खुपसता येई. ही स्थिती पालटली ती लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी नियमित प्रक्षेपण सुरू केले तेव्हा. तेथे बेअर्डची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ रेषांची अशा दोन पद्धती आळीपाळीने वापरण्यात आल्या. फेब्रुवारी १९३७ पासून दुसरीच तेवढी राहिली. चित्र स्पष्ट झाले. आता पडदा मोठा करावयाचा होता. तेथे अडचण आली ती खोलीची. चित्रनलिका काचेची आणि अतिशय लांब असे. ती आडवी ठेवली तर पेटी भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत यावयाची. त्यावर कारखानदारांनी एक चतुर युक्ती काढली. नलिका पेटीत उभी बसवावयाची, पेटीच्या झाकणाला आतून आरसा लावावयाचा, आणि झाकण तिरपे उघडून आरशातले प्रतिबिंब पाहावयाचे. लंडनमधील सधन घरांतून बारा इंची नलिकेचे असे संच दिसू लागले. दिवाणखान्यात ते एखाद्या देखण्या कपाटासारखे शोभत. यंत्राने खोलीच्या मर्यादेपुढे मान तुकविल्याचे हे पहिले उदाहरण होय.

महायुद्धानंतर संच स्वस्त होऊ लागले, पण पडदे लहानच राहिले. युद्धोत्तर अमेरिकेत ज्या संचाने प्रथम मोठा खप मिळविला त्या आरसीए कंपनीच्या १९४६ च्या संचाची नलिका दहा इंची होती. ब्रिटनमध्ये २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाचा सोहळा सुमारे दोन कोटी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. त्या वेळी देशात सुमारे सत्तावीस लाख संच होते. म्हणजे दर संचामागे सातांहून अधिक माणसे! त्यांतील निम्म्याहून अधिक पाहुणे म्हणूनच आलेली होती; कोणी शेजाऱ्याकडे, कोणी आप्तांकडे, तर कोणी सार्वजनिक ठिकाणी. नऊ-बारा इंची पडद्यापुढे इतकी मंडळी बसावयाची म्हणजे मागच्यांना काय दिसणार? त्यासाठी पडद्यापुढे लावावयाची मोठी भिंगे बाजारात आली. सोव्हिएत संघात १९४९ मध्ये निघालेल्या केव्हीएन-४९ ह्या लोकप्रिय संचाचा पडदा तर जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आणि चौदा सेंटिमीटर रुंद होता. त्याच्यासमोर पाणी किंवा ग्लिसरीन भरलेले पोकळ भिंग उभे करीत. भिंगाने चित्र मोठे होई खरे, परंतु समोर बसणाऱ्यापुरतेच. बाजूला बसलेल्यांना चेहरे वेडेवाकडे दिसत. चित्र मोठे झाले की पाहणारे वाढतातच असे नाही, हा धडा त्या भिंगाने दिला.

पडदे लहान राहण्यास कारखानदारांचा कंजूषपणा कारण नव्हता. चित्रनलिकेत निर्वात पोकळी असते आणि बाहेरून वातावरणाचा दाब पडत असतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. म्हणजे पुढे भारतीय घरांत सर्वपरिचित झालेल्या ५१ सेंटिमीटर पडद्याच्या दर्शनी काचेवर अहोरात्र सव्वा टनाहून अधिक भार असे. पडदा दुप्पट लांब-रुंद केला की हा भार चौपट होतो. काच जाड करावी लागते, आणि संच दोन माणसांना उचलेनासा होतो. शिवाय विद्युत्कणांचा झोत पडद्याच्या कडेपर्यंत वळवावयाचा म्हणजे नलिकेला लांबी हवी. झोत अधिकाधिक वळविण्याची कला अभियंत्यांनी हळूहळू साध्य केली. आरंभी सुमारे पन्नास अंशांत फिरणारा झोत १९५० नंतरच्या दशकात सत्तर, नव्वद आणि अखेर एकशेदहा अंशांपर्यंत फिरू लागला. तसतशी पेटी उथळ झाली आणि भिंतीशी सरकली. खोलीतील एक-दीड फूट जागा माणसांना परत मिळाली, ती अशी.

भारतात ह्या प्रश्नाने निराळेच रूप घेतले. इतर देशांत घरातील खोली आधी होती आणि पडदा मागून आला. आपल्याकडे पडदा प्रथम आला तो घरात नव्हेच. तो आला सार्वजनिक जागेत. त्यामागे नभोवाणीचा अनुभव होता. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी भाषिक प्रदेशाच्या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. प्रयोग यशस्वी ठरला आणि पुढे देशभर त्याचे अनुकरण झाले. ह्या मंडळांत कोणी कोठे बसावे, हा प्रश्नच नव्हता. आवाज खोलीभर पसरतो. तो दाराबाहेरच्या पायरीवर बसलेल्यालाही मिळतो, आणि पाठ फिरवून बसलेल्यालाही. चित्राचे तसे नाही. चित्राला दिशा असते आणि अंतर असते. चित्रापुढे पहिली रांग असते आणि शेवटची रांगही असते.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते दिल्ली येथे आकाशवाणीच्या प्रायोगिक दूरचित्रवाणी केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हा हा भेद प्रत्यक्षात उतरला. आठवड्यातून दोन दिवस थोडा वेळ कार्यक्रम होत, आणि राजधानीच्या परिसरात बसविलेल्या एकवीस सार्वजनिक संचांवर ते दिसत. त्या संचांभोवती दूरचित्र-मंडळे स्थापन झाली. पुढे १९६१ पासून शाळांसाठीही पाठ सुरू झाले, आणि एकेका वर्गात एक संच व समोर चाळीस-पन्नास मुले असे दृश्य दिसू लागले.

अशा सभेतील शेवटच्या रांगेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ५१ सेंटिमीटर पडद्यावरील चित्राची उंची सुमारे साडेतीस सेंटिमीटर असते. वीस फुटांवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याशी ती तीन अंशांपेक्षाही कमी कोन करते. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. म्हणजे एकावर एक साडेपाच चंद्र ठेवले तर जेवढी उंची होईल, तेवढ्यात त्याला सगळे जग पाहावयाचे! एवढ्यात माणसाचा चेहरा ओळखू येतो, पण चेहऱ्यावरची रेषा ओळखू येत नाही. मोठी अक्षरे वाचता येतात, पण खताच्या पोत्यावरील मजकूर वाचता येत नाही. जगभरच्या दूरचित्रवाणी निर्मात्यांना ह्या बंधनातूनच आपली शैली घडवावी लागली. चेहरा पडदाभर दाखवावा, गर्दी टाळावी, तक्त्यावर चार ओळींहून अधिक मजकूर नसावा, असे दंडक रूढ झाले. चित्रपटाची विशालता सोडून हे माध्यम निकटदर्शनाचे माध्यम झाले, ह्याच्या मुळाशी पडद्याची लहान चण होती.

सामुदायिक पाहण्याचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा, ‘साइट’ ह्या नावाने ओळखला जाणारा उपक्रम. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या एका वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ ह्या उपग्रहाच्या साहाय्याने राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ह्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीवर तारेच्या जाळीची, तीन मीटर व्यासाची थाळी उभारण्यात आली आणि ओसरीत संच ठेवण्यात आला. येथे खोलीला भिंतीच नव्हत्या. समोरचे अंगण हीच खोली, आणि तिच्या मर्यादा गावकऱ्यांच्या दृष्टीने ठरत. संच उंचावर ठेवावा, म्हणजे पुढच्याचे डोके मागच्याच्या आड येणार नाही. मुलांनी पुढे जमिनीवर बसावे, मोठ्यांनी मागे. स्त्रियांसाठी बाजू राखून ठेवावी, पण ती इतकी कडेला नसावी की चित्र चेपलेले दिसावे. अशी व्यवस्था हा त्या कार्यक्रमांच्या उपयुक्ततेचा अविभाज्य भाग होता. जिला दिसलेच नाही तिच्यापर्यंत बालसंगोपनाचा पाठ पोहोचला, असे कोणत्याही अहवालात लिहून चालत नाही.

ह्याच सुमारास मुंबईत दूरचित्रवाणी घरात शिरत होती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्राचा प्रारंभ झाला, आणि पुढील वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुणेकरांनाही तेच कार्यक्रम दिसू लागले. मुंबई केंद्राची इमारत वरळीला उभी आहे, आणि त्याच वरळीत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळी आहेत. तेथील एकेका बिऱ्हाडाला मिळालेली जागा सुमारे १६० चौरस फूट, म्हणजे एकच खोली. तिच्यातच स्वयंपाक, तिच्यातच देवघर, तिच्यातच अभ्यास, आणि रात्री तिच्यातच अंथरुणे. अशा खोलीत कपाट आणि मोरी सोडून बसावयास जागा किती उरणार? भिंतीशी ठेवलेल्या संचापासून समोरच्या खाटेपर्यंत सहा-सात फूट. आणि मघाचा हिशेब पाहावा: साडेतीस सेंटिमीटर उंचीच्या चित्राची सहापट म्हणजे सुमारे १८४ सेंटिमीटर, बरोबर सहा फूट! ५१ सेंटिमीटरचा, म्हणजे वीस इंची संच मुंबईच्या चाळीतील खोलीसाठी कोणी मुद्दाम आखला नव्हता. तरीही डोळा, रेषा आणि खोली ह्या तिघांचा मेळ तेथे आपोआप जमून गेला.

तो मेळ घरच्या चार-पाच माणसांपुरता होता. प्रत्यक्षात शनिवारच्या मराठी चित्रपटाला, छायागीताला किंवा ‘आमची माती आमची माणसं’ला एवढ्यावर भागत नसे. एका संचापुढे मजल्यावरची अर्धी बिऱ्हाडे जमत. पुढे सतरंजीवर मुले, खाटेवर वडीलधारी, उंबरठ्यावर बायका, आणि बाहेरच्या गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून उभे राहिलेले तरुण. गजाआडच्या माणसाला चित्र बाजूने आणि दहा-बारा फुटांवरून दिसे. पण त्याची तक्रार नसे, कारण त्याचे दिसणे हा शेजारधर्माचा भाग होता. संच ज्याचा, त्याने खिडकी उघडी ठेवावी, हा अलिखित नियम होता. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा देशभर असंख्य ठिकाणी ह्याच दृश्याची पुनरावृत्ती झाली. तोवर १९८२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रंगीत चित्रही आले होते, आणि १४ इंची लहान संच व २० इंची मोठा संच अशी मध्यमवर्गाच्या निवडीची दोन टोके पक्की झाली होती. लहान संच घेणाऱ्याला लोक काटकसरी म्हणत. पण त्याच्या घरी शेजारी कमी जमत, हेही तितकेच खरे.

ज्या संशोधनामुळे आजचा मोठा पडदा शक्य झाला त्याचा उगम जपानात आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एनएचके ह्या जपानी प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेने पुढच्या पिढीची दूरचित्रवाणी कशी असावी, ह्याचा अभ्यास हाती घेतला. तकाशी फुजिओ हे त्या कार्याचे प्रमुख होते. त्यांनी यंत्रापासून आरंभ न करता पाहणाऱ्यापासून केला. चित्र डोळ्याच्या किती अंशांचा प्रदेश व्यापते तेव्हा माणसाला आपण तेथे हजर आहोत असे वाटू लागते, हे त्यांनी प्रयोगांनी तपासले. उत्तर आले, आडवे सुमारे तीस अंश. त्यासाठी चित्राच्या उंचीच्या तिपटीवर बसावयास हवे, आणि इतक्या जवळून रेषा दिसू नयेत म्हणून त्या हजाराहून अधिक हव्यात. ह्यातूनच ११२५ रेषांची पद्धत निघाली, आणि १९८१ मध्ये अमेरिकेतील अभियंत्यांना तिचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले.

ह्याच विषयावर अमेरिकेत आरसीए प्रयोगशाळेचे बर्नार्ड लेक्नर ह्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला: लोक घरी प्रत्यक्षात किती अंतरावर बसतात? उत्तर आले, सुमारे नऊ फूट. ब्रिटनमधील फिलिप्स प्रयोगशाळेतील रिचर्ड जॅक्सन ह्यांनाही जवळपास तेवढेच, तीन मीटर अंतर आढळले. हे अंतर नेत्रशास्त्राने ठरविलेले नव्हते. ते कोच, टेबल आणि दार ह्यांनी ठरविलेले होते. माणूस पडदा पाहून खुर्ची ठेवीत नाही. खुर्ची असते तेथून पडदा पाहतो. नऊ फुटांवरून जपानी संशोधकांना अभिप्रेत असलेला अनुभव घ्यावयाचा तर सुमारे सत्तर इंची पडदा हवा. एवढी काचेची नलिका घरात आणणे अशक्य होते. ते साधले सपाट पडद्यांमुळे. १९९७ मध्ये ४२ इंची प्लाझ्मा संच बाजारात आले, आणि २००८ च्या सुमारास द्रवस्फटिक पडद्यांनी जगाच्या बाजारपेठेत काचेच्या नलिकेला मागे टाकले. सुमारे ऐंशी वर्षे पडद्याला बांधून ठेवणारी खोलीची खोली, म्हणजे पेटीची लांबी, नाहीशी झाली. पडदा भिंतीवर टांगला गेला, आणि ‘भिंत केवढी आहे?’ हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

ह्या स्थित्यंतरात गिऱ्हाइकाच्या हिशेबाची एक गफलत झाली. पडद्याचे माप कर्णाने सांगतात. ही पद्धत नलिका वाटोळी होती तेव्हाच्या व्यासावरून आली आहे. जुना पडदा चारास तीन ह्या प्रमाणात होता, नवा सोळास नऊ ह्या प्रमाणात आहे. कर्ण तोच ठेवून पडदा रुंद केला की उंची घटते. २९ इंची जुना संच काढून ३२ इंची सपाट संच आणणाऱ्या घरात जुना चित्रपट लावला, तर तो पूर्वीपेक्षा लहान दिसे, जेमतेम २६ इंची संचावर दिसावा तेवढा. आजी म्हणे, “मोठा आणला म्हणता, मग माणसे लहान का दिसतात?” आजीचे म्हणणे भूमितीच्या दृष्टीने निर्दोष होते.

सरकारी दप्तरातही पडद्याच्या मापाला महत्त्व आले. वस्तू व सेवा कराच्या रचनेत १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या संचांवर २८ टक्के कर होता. ३२ इंच ही जणू गरज आणि चैन ह्यांमधील सीमारेषा ठरली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती पुसली गेली आणि सर्व मापांवर १८ टक्केच कर आकारला जाऊ लागला. करापुरता लहान-मोठा भेद उरला नाही. खोलीपुरता मात्र तो उरलाच आहे.

मग योग्य माप कोणते? बसण्याच्या जागेपासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला १.६ ने भागावे. येईल तो कर्ण साधारणतः तीस अंशांचा अनुभव देतो. सहा फुटांना सुमारे ४३ ते ४५ इंच, आठ फुटांना सुमारे ६० इंच. हा झाला हिशेब. पण त्याला एक पुरवणी जोडावी लागते. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे साडेत्रेपन्न सेंटिमीटर. १०८० रेषांचा कार्यक्रम त्यावर साडेपाच फुटांवरून नीट दिसतो. परंतु ५७६ रेषांचे जुने चित्र निर्दोष दिसण्यास साडेदहा फूट मागे सरकावे लागते. आजही अनेक वाहिन्या आणि जुन्या काळचा सर्व ठेवा ह्याच जुन्या मापात आहे. ज्या घरात तो आवडीने पाहिला जातो, तेथे अवाढव्य पडदा आणला तर नट-नट्यांचे चेहरे धूसर दिसू लागतात, आणि दोष संचाला दिला जातो. त्याशिवाय पडद्याचा मध्य बसलेल्याच्या डोळ्यांच्या पातळीजवळ असावा, समोर उघडी खिडकी नसावी, ह्या गोष्टी मापाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. ओसरीतील संच उंचावर ठेवीत तो शेवटच्या रांगेसाठी. चार माणसांच्या घरात तो तेवढा उंच टांगण्याने मानेला पीडा होण्यापलीकडे काही साधत नाही.

परंतु हिशेबाचा शेवट येथे होत नाही. आज असंख्य लोक हातातील दूरध्वनीवरच चित्र पाहतात. पंधरा सेंटिमीटर रुंदीचा तो पडदा तीस सेंटिमीटरवर धरला तर डोळ्याशी सुमारे अठ्ठावीस अंशांचा कोन करतो. म्हणजे सहा फुटांवरील ४३ इंची पडदा आणि हातातील इवलासा पडदा डोळ्याला जवळजवळ सारखेच मोठे! बेअर्डच्या खोलीतील तळहाताएवढे चित्र शंभर वर्षांनी तळहातावर परत आले आहे, आणि ह्या वेळी ते अत्यंत सुस्पष्ट आहे. मग मोठ्या पडद्यासाठी इतके पैसे मोजून माणूस काय विकत घेतो? एकट्या डोळ्यासाठी त्याची गरजच नाही. मोठ्या पडद्याने वाढते ती बसण्याची जागा. शेजारी आणखी कोणी बसून तेच चित्र त्याच वेळी पाहू शकेल, एवढीच त्याची खरी किंमत. म्हणून माप ठरविताना भिंतीकडे पाहण्यापूर्वी त्या घरात सर्वांत दूर बसणारे माणूस कोणते, ते पाहावे. बहुधा ती कोपऱ्यातल्या खाटेवरची वृद्ध व्यक्ती असते, आणि तिची दृष्टी स्नेलेनच्या तक्त्यातील निकोप दृष्टी नसते. तिला बातम्यांची अक्षरे वाचता आली, म्हणजे पडदा पुरेसा आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांच्या हाती पडल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ही कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या घरांत गेली. खाटेपासून भिंतीपर्यंतचे अंतर वाढले, आणि अंतर वाढले की पडदाही मोठा हवा, हे ओघानेच आले. त्या घरांना आता बाहेरून गजांना धरून उभे राहावे अशी गॅलरीतील खिडकी नाही. मोठ्या पडद्यापुढे कोणाला बोलवावयाचे, हे आता घरातल्या माणसांनाच ठरवावे लागेल.